बदलाचे कारण

सोमवारपासून कागद बंद.
नोटीस मात्र कागदावरच लागली,
दाराशेजारी, चिकटपट्टीचे चार तुकडे,
खाली घोरपडे मॅडमची सही आणि गोल शिक्का.

गूळ विभागाच्या एकोणचाळीस वह्या
माझ्या टेबलावर आल्या.
त्यातल्या अकरा फुगलेल्या.
एकोणीस सालच्या पुरात खालच्या कप्प्यात होत्या,
पंचगंगा उतरल्यावर
गच्चीत जुन्या काहिलीशेजारी उघडून वाळवल्या.
पान उलटलं की अजून गाळ सुटतो,
बारीक, तपकिरी,
कुठल्याच रकान्यात न बसणारा.

मी भरत जाते. नमुना क्रमांक. तारीख.
आर्द्रता. चुना किती, भेंडीचं पाणी किती.
रंगापाशी अडते.
पडद्यावर चारच: पिवळा, फिकट पिवळा, तपकिरी, इतर.
वहीत बाबालाल मुजावरांचं तिरकं अक्षर:
‘सोनचाफा, पण दुसऱ्या दिवशीचा.’
पुढच्या पानावर:
‘शिरोळचा ऊस. रवा धरतो, पण मनापासून नाही.’
मी ‘इतर’ निवडते.
दिवसात एकशे बारा वेळा ‘इतर’.
पुण्याहून फोन येतो,
तुमच्याकडे काही घोळ आहे का?

घोळ आहेच.
मुंग्या कीबोर्डात शिरल्यात.
वह्यांत शिरायच्या तेव्हा
पान झटकलं की झालं.
आता आठ आणि नऊच्या फटीतून एक वर येते,
मिशा हलवते,
परत खाली जाते.

चौऱ्याण्णवच्या वहीत, सव्वीस फेब्रुवारीला,
सुक्रोज ८६.२.
त्यावर एकच आडवी रेघ,
पट्टी धरून मारलेली,
खालचा आकडा वाचता यावा अशी.
शेजारी ८२.६. सही. आणि एवढंच:
‘घाईत उलटं लिहिलं. नसीम सीपीआरला आहे.’

मी ८२.६ भरते. नुसता बरोबर आकडा. सेव्ह.
पुढच्या ओळीवर हात जात नाही.
नोंद पुसून नव्यानं सुरू करते,
८६.२ लिहिते, जतन करते,
चूक आधी व्हायला हवी, तशी होऊ देते,
मग दुरुस्त करते.
नियमात बसतं का, ठाऊक नाही.
एक चौकट उघडते: बदलाचे कारण.
तिच्यापुढे लाल चांदणी,
म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.
घाईत उलटं लिहिलं, मी टाइप करते.
जरा थांबून: नसीम सीपीआरला आहे.
यंत्र विचारत नाही, कोण नसीम.
माझं नाव घालतं, आजची वेळ, सेकंदासकट,
आणि गप्प होतं.

गुरुवारी मुजावरचाचा आले,
पेन्शनच्या कुठल्याशा दाखल्यासाठी.
खुर्ची ओढून पडद्याकडे बघत बसले,
चष्मा कपाळावर.
टेबलाच्या पायाला बांधलेली पेनाची सुतळी
अजून आहे, पेन नाही.
तिचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले,
सगळं चढवलंस?
चौऱ्याण्णवपर्यंत.
माझी चूक घेतलीस काय आत?
घेतली.
कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.

बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला. दोनदा.
ते उठले नाहीत.
खिशातून पुडी काढली,
कुणाच्या तरी गुऱ्हाळावरचा ताजा खडा
माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाले,
रंग सांग बघू.