पासपोर्ट साइज

कोराडीची राख गाळून घेतली,
डिंकात कालवून तिचाच चेहरा छापला. पैकाबाई,
सहा फूट उंच. मागे स्पीकरमधून तिचा खोकला.
दिल्लीत लोक थांबले. एकजण रडलासुद्धा.

बावीस वर्षांपूर्वी इंदोऱ्यात
मी लग्नाचे अल्बम चिकटवायचो,
नवरीला गोरी करायचे पन्नास जास्त.

कॅटलॉग घेऊन तिच्या दारात गेलो.
तिनं पदरानं पुसला, उलटा धरला.
"हे मी हाव का? एवढी मोठी?"
मग आतून फॉर्म आणला, निराधारचा,
कोपऱ्यात रिकामा चौकोन.
"याच्यात मावन असा काढ नं बाप्पा.
अन् खोकला नोको घेऊ."

भिंतीशी पांढरी चादर धरली नातवानं.
झटकली. पुन्हा धरली.
पांढरी होईना.