एक ओला, एक कोरा

परतवाड्यात हातिमभाईंच्या दुकानात
तीन हेडलॅम्प काउंटरवर.
ते लुमेन सांगत होते, वॉरंटी सांगत होते.

बुदा कास्देकरनं मधला उचलला,
पेटवून दारातल्या बादलीत सोडला
आणि चहा मागवला.

चहा संपेस्तोवर
बादलीच्या बुडाशी ऊन.
मग फरशीवर आपटला. दोनदा.
हातिमभाईंनी डोळे मिटून घेतले.

"उजेड किती, ते राहू द्या," बुदा म्हणाला,
"इझाच्या आधी सांगते का, ते सांगा."

गेल्या हिवाळ्यात, वटवाघळं मोजताना,
गळ्याइतक्या पाण्यात माझा विझला होता
न सांगता.
बुदाच्या खोकल्याच्या दिशेनं
मी भिंत चाचपत आले.

दोन घेतले.
पावतीवर हातिमभाईंनी लिहिलं :
एक ओला, एक कोरा.