रकमेचा रकाना

संगणकात सगळं भरतोच,
तरी साहेबांना वही लागते.
म्हणून दर एप्रिलला मी पट्टी घेऊन बसते,
कंपूतल्या कचेरीच्या मागच्या खोलीत:
क्रमांक, नाव, तपशील, रक्कम.

पहिल्या वर्षी रकमेला दोन बोटं जागा पुष्कळ झाली.
कुणाचे रिचार्जचे साडेतीनशे,
मुरारच्या एका बाईचे नऊ हजार.
ती रडली तेव्हा मीच माठातलं पाणी दिलं होतं.
आता नऊ हजारवाल्यांना
आम्ही फोनवरच सांगतो, पोर्टलवर टाका.

शून्यं आधी समासात गेली,
मग शिलाईत शिरली.

मंगळवारी शितोळेकाका आले.
पाणीपुरवठ्यात होते,
तिघरा धरणाची पातळी रोज लिहायचे, एकतीस वर्षं.
म्हणाले, पाणी इंचा-इंचाने उतरतं, बाई,
माणसाला कळतं तरी.

तीन दिवस मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून
समोर बसून होते.
पलीकडे वर्दी, वर्दीमागे झेंडा,
लघवीला जायचं तरी परवानगी.
दुसऱ्या रात्री यांनीच त्या इन्स्पेक्टरला विचारलं,
‘आपने खाना खाया?’
तो म्हणे जरा थांबला.
‘नहीं, अंकल.’

सेहेचाळीस लाख ऐंशी हजार.

‘तेवढं एक तरी खरं बोलला असेल का हो?’
मी म्हटलं, तारीख सांगा.

पैसे एकोणीस खात्यांतून गेले.
एक खातं इथलंच, हजीऱ्याच्या एका पोराचं,
महिना चार हजारांनी भाड्याने दिलेलं,
गच्चीवरची खोली देतात तसं.
उरलेल्या अठरांची नावं वाचताना
माझी जीभ अडखळली.

गुरुवारी दिल्लीहून कंपनीचा माणूस आला.
भिंतीवर बाण, चढत गेलेला: गुन्हे, इतके कोटी.
मग दुसरा बाण: बंदोबस्ताचा धंदा, इतके कोटी.
‘देखिए मॅडम, दोनों साथ-साथ बढ़ रहे हैं.’
खूश होता सांगताना.
वाईट नव्हता माणूस, चहात साखर नको म्हणाला.
मला ते एकाच जिन्याचे दोन कठडे दिसले,
आणि जिना कुठे जातो ते
त्याच्या चित्रात नव्हतं.

खोटं कशाला बोलू,
माझा भाचा निनाद त्याच धंद्यात लागलाय, नोएडाला.
आकडा ऐकून ताईने दोनदा विचारलं,
वर्षाचा ना रे? महिन्याचा?
गजकाचा डबा आला घरी.
मी दोन वड्या खाल्ल्या.
खुसखुशीत होत्या.

या वहीत रकमेला मी चार बोटं दिलीत.
कागद तेवढाच,
तेव्हा तपशिलातून घ्यावी लागली जागा.
शितोळेकाकांच्या ओळीत मावलं ते एवढंच:
व्हिडिओ कॉल, तीन दिवस.

जेवणाचं राहिलं.
ते मी पेन्सिलीने मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलंय,
जिथे घरच्या लाइट बिलाचे आकडे मांडते.
कुणी तपासायला आलं तर
खोडरबर जवळच आहे.