चुन्याची डबी

पुण्याहून निरोप आला: उद्या दहापर्यंत ठरव,
रिडक्स, झुस्टँड, मोबएक्स, की नुसतं कॉन्टेक्स्टच पुरे.
ॲपची स्थिती ठेवायची कुठे, एवढाच प्रश्न.
नऊला लाईन गेली. बॅटरी एकेचाळीस टक्के,
नेटवर्कची एकच काडी, तीही गच्चीवर.
लॅपटॉप काखेत मारून मी शेडवर गेले.
तिथे जनरेटर असतो, आणि माझी आई.

शेंदुरजना घाटच्या रस्त्याला, पत्र्याखाली
अकरा बायका ओळीने बसून मृगाचा माल निवडतात:
बारीक, मधला, मोठा, डागी.
हात थांबत नाहीत. तोंडं तर नाहीतच.
या टोकाला प्रमिला उईके, कनवटीला चुन्याची डबी.
त्या टोकाला जैबुनबी, तिला तंबाखूची तलफ.
डबी निघते हातोहात.
मधल्या नऊजणींतल्या सातजणी तंबाखू खात नाहीत,
तरी प्रत्येकीने हात पुसायचा, घ्यायची, पुढे द्यायची.
"काहून वो, मले कुठं लागते चुना?
मी काय पोस्टमन व्हय?" सिंधू करवादते.

कॅरेटवर बसून मी एकटीच हसले.
चार महिने माझ्या कोडमध्ये हेच चाललंय,
वरून खाली,
ज्यांना नको त्यांच्या हातून.

आई म्हणाली, मागच्या आंबियात
प्रमिलानं मधल्या खांबाला खिळा ठोकला होता.
डबी टांगली. लागन तिनं घ्यावं.
तीन दिवस सुखाचे गेले.
चौथ्या दिवशी डबी रिकामी,
अकरा जणी आणि अकरा शपथा.
डबी परत कनवटीला.

मग ट्रक आला आणि मोजणीवरून भांडण.
भिंतीवर खडूच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी: दोनशे अठ्ठ्याण्णव.
दिवाणजी विठोबा गोहत्रेंच्या वहीत तीनशे बारा.
ड्रायव्हर इस्राईलच्या मोबाईलमध्ये भिंतीचा फोटो: तीनशे पाच.
फोटो खोटा नव्हता,
फक्त चहाच्या आधीचा होता.
आणि भिंत?
पाणी प्यायला उठलेल्या दुर्गाच्या पाठीवर
पांढरं फरफटलेलं काहीतरी दिसलं सिंधूला.
चौदा कॅरेट पाठीवर घेऊन
ती संध्याकाळी घरी जाणार होती.

दिवाणजी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"पोरी, वहीत खोडाचं नसते.
चुकलं त खाली नवी ओळ: कोनं, कवा, काहून.
मांगची पानं पलटोली का
कोन्याबी सकाळी जाऊन उभं राहता येते."
एवढं तर मला तीन तासांच्या व्हिडिओतही कळलं नव्हतं.

"मंग सगळंच वहीत घ्या ना," मी म्हणाले.
आईनं संत्रं हातात फिरवलं, डाग शोधत.
"चुन्यासाठी दिवाणजी ठेवशीन का?
आन माह्या हातात आत्ता कोन्तं फळ हाय,
ते खांबाले कायले सांगाचं?"

जनरेटरला मी चार्जर लावला. लिहिलं:
कॅरेटसाठी रिडक्स. सही असल्याशिवाय आकडा हलणार नाही.
डबीसारख्या गोष्टींना झुस्टँड, एक खिळा, बास.
हातातलं फळ हातात.
पुण्याहून अंगठा आला, वर केलेला,
आणि खाली: दोन-दोन कशाला, कारण सांग.
कारण लिहायला घेतलं तर सुचेचना.
दुर्गाची पाठ कशी पाठवायची?

जूनपासून ऑफिसात हजर व्हायचं पत्र
मला परवाच आलंय.
ते कुठल्या वहीत नाही, खिळ्याला टांगलेलं नाही.
घरात सांगितलं तर मामीपासून मोर्शीच्या आत्यापर्यंत
हात पुसून पुढे सरकवतील.

डबी पुन्हा निघाली होती.
माझ्यापर्यंत आली, मी आईला दिली,
आईनं घेतली, पण पुढे दिली नाही लगेच.
"काही सांगाचं हाय का वो?"
"नाई."
तिनं एक डागी संत्रं सोललं,
अर्धं मला दिलं.
गोड होतं, डागी असून.