सांद

डंडीच्या दुकानातून सापासाठी मी भुसा आणला,
देवदाराचा, घमघमणारा.
"हा नको. दम लागतो त्याला,"
रुअरी म्हणाला. आठ दिवसांतलं
त्याचं पहिलं लांब वाक्य.

मग अ‍ॅस्पेनचा आणला.
बोटभर नाही, चांगला चार बोटं,
बीळ ढासळणार नाही इतका.
लपायला मी ऐसपैस गुहा निवडली.
त्यानं परसातली फुटकी कुंडी उचलली:
"अंग सगळीकडून टेकलं पाहिजे.
मोकळ्यावर तो खात नाही."

रात्री ताट तसंच.
पलंगावरची चादर न विस्कटलेली.
कपाट नि भिंतीच्या सांदीत
गुडघे पोटाशी घेऊन रुअरी.
चौथं घर म्हणे हे त्याचं.

शनिवारी कपाट सरकवणार होते मी.
राहू दे.
आत एक घोंगडी सारली,
चार पदरी.