कागलपर्यंत जाऊन ये

उद्यमनगरात, दस्तगीरमामाच्या दारात
माझा दुधाचा पिकअप सकाळपासून उभा.
डॅशबोर्डवर पिवळा दिवा, दोन दिवस झाले.
चढावर जोर मरतो.
मागं कॅन रिकामे, वास मात्र भरलेला.

मामा सवयीनं लांब पेचकस काढतो,
टोक इंजिनावर, मूठ कानाला.
ह्या एका कानावर त्यानं
पंचगंगेकाठची निम्मी ऑइल इंजिनं बरी केली.
"हिला काय झालेलं नाही," म्हणतो
आणि ओशाळतो,
कारण दिवा पेटलेलाच.

मग नातू येतो, स्टेअरिंगखाली स्कॅनरची वायर खुपसतो.
काजळीची जाळी ब्याऐंशी टक्के भरली.
"काका, फेरी केवढी तुमची?"
केवढी म्हणजे, वडणगे, निगवे, भुये, शिये.
संस्थेपुढं थांबायचं, कॅन चढवायचा, पुढं.
"मग तापणार कधी ती?
तापल्याबिगर आतलं जळत नाही."

"पेट्रोलला ठिणगी दुसऱ्यानं द्यावी लागते,"
मामा हात पुसत म्हणतो, कुणाला ते कळत नाही,
"डिझेल नुसत्या दाबानं पेटतं.
म्हणून मला हीच जात आवडायची.
आता हिलाबी औषधपाणी, युरियाची टाकी,
आणि एक सेन्सर रुसला
की सगळं घर उपाशी."

मी आवाज खाली घेतो.
काढूनच टाकूया की जाळी, मामा.
शिरोलीत एकजण सहा हजारांत काढतो,
कॉम्प्युटरचीबी समजूत घालतो.

मामा आत जातो.
मधोमध कापलेली एक जुनी जाळी आणतो,
पोळ्यासारखी, घर न् घर काळं.
बोट फिरवतो. खोकतो,
बराच वेळ खोकतो.
नातू भिंतीकडं बघतो,
तिथं कॅलेंडरमागं सीपीआरचा
एक मोठा खाकी लिफाफा खोचलाय.
"बाहेर गेलं असतं ते हितं थांबलंय," मामा म्हणतो.
"एवढंच."

मग माझ्या हातात किल्ली.
"कागलपर्यंत जाऊन ये. काटा अडीच हजारावर ठेव.
कुणी हात केला तरी थांबू नको."

गोकुळ शिरगाव मागं पडलं.
संस्थेचा फोन वाजून वाजून बंद झाला.
खालून तापलेल्या लोखंडाचा वास आला,
आणि लक्ष्मी टेकडीच्या पुढं कुठंतरी
दिवा गेला.

परत येईल, नातू म्हणाला होता,
पंधरा दिवसांत.
फेरी तीच असली तर.