झाकण उघडं

पहिली दुर्बीण घेतली ती भिंगांसाठी.
चोपड्याला माझं चष्म्याचं दुकान, भिंग दिसलं की मी भुलतो.
भुसावळला रफिउद्दीनच्या भंगारात
ती पंख्याच्या पात्यांखाली पडली होती.
उजव्या डोळ्यात बुरशीचं जाळं,
डाव्यातून मात्र स्वच्छ दिसला समोरचा सिग्नल,
तांबडा.

मी काही थांबलो नाही.
पाण्याची बाटली आणली, जाड लोकरी अंगरख्यातली.
मग पट्टे. टोपी. एक किटबॅग, तिच्यावर
कुणाचा तरी नंबर, शेवटचे दोन आकडे उडालेले.
काडतुसांची रिकामी लाकडी पेटी,
कोपऱ्यांना पितळ, आत हिरवं अस्तर.
आणि सगळ्यांचा मिळून एकच वास:
ओल्या गोणपाटाचा,
सुट्टीनंतर उघडलेल्या वर्गाचा.

कोकिळा म्हणाली, "पाहुणे आले की
मी उदबत्ती लावते. लोकांना वाटतं देवाला.
तुमच्या पेटीच्या नावानं लावते."

आधी चुकलोच.
अत्तर शिंपडलं, तर पेटीला
मांडवात भिजलेल्या सतरंजीचा वास आला.
डांबरगोळ्यांनी डोकं धरलं,
वास जागचा हलला नाही.

मग घाई सोडली.
अस्तरावर खायचा सोडा पसरला, रात्रभर ठेवला,
सकाळी दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडून काढला.
लाकूड आतून व्हिनेगरच्या फडक्यानं पुसलं.
कोळशाची पुरचुंडी बाटलीत मावेना, म्हणून टोपीत ठेवली.
कातड्याला ऊन दाखवायचं नसतं, हे एक पट्टा तडकल्यावर कळलं.
ते सावलीत, वाऱ्यावर, दोरीला.

बाकीचं गच्चीवर.
वैशाखात आमच्याकडे ऊन सोडून काही फुकट नाही,
आणि तेही नको नको म्हणेपर्यंत मिळतं.
कोकिळाचे बिबडे वाळत होते जुन्या धोतरावर.
"दोन हात लांब," ती म्हणाली,
"ज्वारीला वास लगेच लागतो."
मी पेटी सरकवली. उलटी केली. पुन्हा सुलटी.
पाच दिवस नाक घालून बघत राहिलो,
थोडा आला की वाईट वाटे,
अजिबात नाही आला की त्याहून वाईट.

आखाजीच्या आदल्या दिवशी चैत्रामतात्या आला,
चष्म्याची काडी तुटलेली. दुकान बंद म्हणून घरीच,
आणि घरात मी नाही म्हणून गच्चीवर.
फौजेत सतरा वर्षं काढलेला माणूस.
मी म्हटलं, "तात्या, सगळा वास घालवू नये असं वाटतं.
थोडा राहू द्यावा. लढाईचा आहे."

त्यानं गुडघा धरला, वाकला,
किटबॅगेत तोंड घातलं
आणि बराच वेळ काढलं नाही.
मग हसला.
"हाऊ वास लढाईना नही, भाऊ.
लढाईमा पेटी रोज उघाडनी पडे.
हाऊ त बंद ठेवाना वास शे."

"मग तिथला कसा असायचा?"

त्यानं रॉकेल सांगितलं. ओले मोजे.
डब्यात करपलेला कांदा.
पुढं काहीतरी सांगणार होता,
बिबड्यांवरचा कावळा हाकलला,
आणि विचारलं, काडीचे किती होतील.

त्या रात्री मी पेटी आत आणली.
झाकणाखाली पेन्सिल अडकवली,
तेवढी फट पुरते.
किटबॅगेचा नंबर पुन्हा वाचून पाहिला,
भिंग लावून. ते दोन आकडे नाहीतच.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दारात रिक्षा थांबली.
तात्या पुढे बसलेला, मागे एक ट्रंक,
तिचं कुलूप गंजून कडीशी एकजीव झालेलं.
"किल्ली नही," तो म्हणाला.
थोडा वेळ रिक्षातच बसून राहिला.
"येले सोडा किती लागी?"

आम्ही दोघांनी ती वर चढवली, तीनदा टेकत.
कोकिळा काही बोलली नाही.
धोतराची दोन टोकं धरून
तिनं बिबडे स्वतःच सरकवले,
दोन हातांहून जरा जास्तच.